दोष हाताचा की नळीचा?

१९२१ साली ‘सर्जरी, गायनेकॉलॉजी अँड ऑब्स्टेट्रिक्स’ या अमेरिकी मासिकात फिलाडेल्फियाचे घसातज्ज्ञ चेव्हॅलियर जॅक्सन यांचा एक लेख छापून आला. श्वासनलिकेला नको तितक्या वर दिलेला छेद आणि ‘इतर चुका’ यांमुळेच मुख्यतः स्वरयंत्र कायमचं आक्रसतं, असं त्याच्या मथळ्यातच बजावलेलं होतं. जॅक्सन यांच्याकडे असे सुमारे दोनशे रुग्ण जमा झाले होते. घटसर्पाने किंवा दुसऱ्या एखाद्या कारणाने गळा सुजला, जीव गुदमरला, कुणा डॉक्टरने घाईघाईने गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि रुग्ण वाचला. पण नळी काढायची वेळ आली तेव्हा कळलं की वरची मूळ वाटच बुजून गेली आहे. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की माणूस कासावीस व्हायचा. जॅक्सन यांचं निदान शरीररचनेवर उभं होतं. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मागच्या बाजूने उघड्या असतात. पुरतं वर्तुळ असलेली कडी एकच, स्वरयंत्राच्या तळाशी बसलेली क्रिकॉइड, खड्याच्या अंगठीसारखी एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद. तिच्या आतल्या अस्तराला सूज आली तर तिला बाहेर पसरायला जागा नसते, ती आतच वाढते. ही कडी सुरीने कापली गेली किंवा नळीने दिवसरात्र घासली गेली, तर कूर्चा सडते आणि तिच्या जागी आक्रसत जाणारा वण येतो. म्हणून जॅक्सन यांचा दंडक ठरला: छेद खाली घ्यायचा, क्रिकॉइडच्या वाटेला जायचं नाही.

हा दंडक पुढे अर्धं शतक वैद्यकाच्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला गेला. त्याने पुष्कळ गळे वाचवले, यात शंका नाही. तरीही जॅक्सन यांनी प्रश्न ज्या रीतीने मांडला, ती रीत मला या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली वाटते. इजा झाली, म्हणजे कुणाच्या तरी हातून चूक झाली. तेव्हा हात सुधारा, असा तो विचार होता. श्वासमार्गाची शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने पुढे गेली ती मात्र वेगळा प्रश्न विचारला गेला तेव्हा. हात निर्दोष असतानाही नळी आपल्या अंगच्या गुणाने काय करते, हा तो प्रश्न. तो विचारायला वैद्यकाला इतकी वर्षं लागली, कारण जोवर माणसं वाचतच नव्हती तोवर उपचाराने केलेली जखम दिसायलाही कुणी उरत नव्हतं.

प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यांची या छेदाबद्दलची धास्ती आज आपल्याला भित्रेपणा वाटते. बिथिनियाच्या अस्क्लेपियाडीसने हा उपाय सांगितल्याचं नंतरचे लेखक नोंदवतात, पण अरेटियसचा आक्षेप असा की कूर्चेच्या कापलेल्या कडा पुन्हा जुळून येत नाहीत. हे सपशेल चूक नव्हतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यात जंतू शिरले की ती मरते, आणि मेलेली कूर्चा पुन्हा तशीच उगवत नाही. सोळाव्या शतकात पादुआच्या फाब्रिकियसने शस्त्रक्रियेचं नेमकं वर्णन केलं, नळी आत घसरून जाऊ नये म्हणून तिला पंख हवेत हेही सांगितलं, पण स्वतः ती एकदाही केली नाही. त्याआधी १५४६ मध्ये फेराराच्या ब्रासाव्होलाने गळ्यातल्या गळवाने गुदमरलेल्या रुग्णावर ती करून त्याला वाचवलं होतं. अशी उदाहरणं पुढची पावणेतीनशे वर्षं तुरळकच राहिली. १४ डिसेंबर १७९९ रोजी माउंट व्हर्ननमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून गुदमरत होते, तेव्हा उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांतल्या सर्वांत तरुण एलायशा डिक यांनी श्वासनलिका उघडू या असं सुचवलं. बाकीच्या दोघांनी ते मानलं नाही. रक्त काढण्याचा उपाय मात्र दिवसभर चालला, आणि थोडंथोडकं नव्हे, एकूण दोन लिटरच्या वर रक्त काढलं गेलं. त्या दोघांना दोष देणं आज सोपं आहे. पण नवजात देशाच्या सर्वांत मोठ्या माणसाचा गळा, तोही शुद्धीवर असताना, स्वतः कधीही न केलेल्या शस्त्रक्रियेसाठी कापायचा धीर किती जणांना झाला असता?

हा धीर आणला तो मुलांच्या मरणांनी. १८०७ मध्ये नेपोलियनचा लाडका पुतण्या घशाच्या अशाच आजाराने गेला आणि सम्राटाने या रोगावरच्या उत्तम निबंधाला बारा हजार फ्रँकांचं बक्षीस लावलं. निबंधांनी फारसं काही बदललं नाही. बदललं ते तूर शहराच्या पिएर ब्रेतोनोने १८२५ मध्ये आपल्या मित्राच्या चिमुरड्या मुलीच्या गळ्यात नळी बसवली आणि ती जगली तेव्हा. घटसर्पाला स्वतंत्र रोग म्हणून नाव देणाराही हाच. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो याने पॅरिसमध्ये हा उपाय नेमाने सुरू केला आणि दोनशेहून अधिक मुलांपैकी सुमारे पाव हिस्सा वाचल्याचं अभिमानाने सांगितलं. म्हणजे चारांतली तीन गेली. पण या शस्त्रक्रियेविना यांतली बहुतेक चारही गेली असती, हे त्या काळच्या आईबापांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या आकड्यांत पुढे आक्रसलेल्या गळ्यांची गोष्ट येत नाही, हेही साहजिकच आहे. मूल वाचलं तर नळी बहुधा काही दिवसांतच निघे. वण बांधायला वेळ लागतो, आणि मरणाऱ्यांना तो वेळ मिळत नाही.

गळा कापायचाच नाही, तोंडातून नळी स्वरयंत्रात सारायची, हा पर्याय १८५८ साली पॅरिसच्या एजेन बुशूने तिथल्या वैद्यक अकादमीपुढे मांडला. त्याविरुद्ध सर्वांत जोरकस आवाज होता त्रूसोचा. आपल्या शस्त्रक्रियेशी स्पर्धा करणाऱ्या कल्पनेला ज्येष्ठ माणसाने अडवावं, हे वैद्यकात नवं नाही. पण त्रूसोचा आक्षेप निव्वळ मत्सराचा होता असंही म्हणवत नाही, कारण नाजूक अस्तरावर धातू दाबून ठेवण्याची भीती खरीच होती. पंचवीसेक वर्षांनी न्यूयॉर्कच्या अनाथ बालकांच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर यांनी तीच कल्पना नव्याने उभी केली आणि १८८५ पासून ती प्रसिद्धीला आणली. ओड्वायर यांच्याबद्दल मला विशेष आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. मुलं वाचल्यावर ते थांबले नाहीत. मेलेल्या मुलांच्या स्वरयंत्रात नळीने कुठे कुठे व्रण पाडले ते त्यांनी पाहिलं, आणि जिथे दाब पडतो तिथे नळीचा घाट बदलत नेला. दोष हातापेक्षा नळीकडे शोधणारं हे पहिलं पाऊल, असं मी म्हणेन. ते एकाकीच राहिलं, कारण १८९४ नंतर घटसर्पाचं प्रतिविष आलं, नळ्यांची गरज कमी झाली आणि तो प्रश्नही मागे पडला.

ओड्वायर यांचं काम प्रसिद्धीला आलं त्याच १८८० च्या दशकात युरोपात घडलेलं एक प्रकरण हातावर दोष ढकलण्याच्या वृत्तीचा कळस म्हणावं असं आहे. जर्मनीचा युवराज फ्रीडरिश स्वरयंत्राच्या कर्करोगाने ग्रासला होता. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी सान रेमो इथे त्याच्या श्वासनलिकेत नळी बसवली गेली. महिन्याभरात तो सम्राट झाला आणि एकूण ९९ दिवस राज्य करून १५ जूनला वारला. एप्रिलमध्ये नळी बदलताना श्वासाला अडथळा आला, तेव्हा बर्लिनचे प्रख्यात शल्यविशारद एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांना बोलावलं गेलं. नवी नळी श्वासनलिकेत न जाता तिच्या पुढच्या मऊ भागात घुसली, रक्त आलं, पुढे तिथे पू झाला, असा इंग्रज डॉक्टर मॉरेल मॅकेन्झी यांचा आरोप. जर्मन डॉक्टरांचा आरोप असा की मॅकेन्झी यांनीच कर्करोगाचं निदान महिनोन्महिने टाळलं. पुस्तिकांवर पुस्तिका निघाल्या, दोन देशांची वर्तमानपत्रं त्यात उतरली. खरं तर सुजलेल्या, गाठीने जागा व्यापलेल्या गळ्यात नळीचा बाक आणि लांबी किती असावी, हा सगळ्या सामान्य रुग्णांच्याही कामाचा प्रश्न त्यातून पुढे यायला हवा होता. पुढे आलं ते एवढंच, की चूक इंग्रजाची की जर्मनाची.

या पार्श्वभूमीवर जॅक्सन यांचं १९२१ चं काम मोठंच ठरतं, कारण त्यांनी एकेकट्या भांडणांच्या जागी दोनशे रुग्णांचा पुरावा ठेवला. पण त्यांच्या दारात येत होते ते फक्त बिघडलेले. वरचा छेद घेऊनही धडधाकट राहिलेली माणसं फिलाडेल्फियाला कशाला जातील? एकूण कितींपैकी हे दोनशे, हा हिशेब कुणाकडेच नव्हता. शिवाय त्या काळचे हे गळे आधीच सुजलेले आणि जंतूंनी पोखरलेले होते. त्यांत सुरी बहुधा घाईत चालली आणि नळी दीर्घकाळ राहिली. या सगळ्यांपैकी नेमकं काय नडलं, हे छेदाच्या जागेवरून ठरत नाही.

उत्तर मिळायला भलत्याच रोगाची साथ यावी लागली. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओने थैमान घातलं. ब्लेगडॅम रुग्णालयात अख्खं शरीर आत घेणारं लोखंडी श्वसनयंत्र एक आणि छातीवर बसणारी सहा. यंत्राची गरज पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. तेव्हा विभागप्रमुख लासेन यांनी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इबसेन यांना बोलावलं. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन, भोवती फुगा असलेली रबरी नळी बसवून, हाताने पिशवी दाबत इबसेन यांनी तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी जगली. पुढे महिनोन्महिने सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू तिथे जन्मला. पण त्या फुग्याचं काम लक्षात घ्यायला हवं: हवा बाजूने निसटू नये आणि तोंडातली लाळ फुप्फुसात उतरू नये म्हणून तो श्वासनलिकेच्या भिंतीला चहूबाजूंनी घट्ट टेकतो. ऑपरेशनच्या दोन तासांत याने काही बिघडत नाही. आता तो आठवडेच्या आठवडे टेकून राहू लागला.

साठच्या दशकात व्हेंटिलेटर गावोगावच्या मोठ्या रुग्णालयांत पोहोचले आणि त्यावरून सुटून घरी गेलेले रुग्ण काही आठवड्यांनी धापा टाकत परत येऊ लागले. त्यांच्यावर बहुधा दम्याचे उपचार व्हायचे. मोठ्या माणसाची श्वासनलिका सुमारे अकरा सेंटिमीटर लांब आणि दोनएक सेंटिमीटर रुंद. ती आठ मिलिमीटरवर आली तरी बसल्या जागी तक्रार नसते, जिना चढताना दम लागतो. पाचवर आली की शांत बसलेल्या माणसाचाही श्वास शिट्टीसारखा वाजतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून दमा. आणि या रुग्णांतल्या कित्येकांचा छेद जॅक्सन यांच्या दंडकाप्रमाणे, अगदी योग्य जागी घेतलेला होता.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल कूपर आणि हर्मीस ग्रिलो यांनी १९६९ मध्ये हा गुंता सोडवला. व्हेंटिलेटरवर असताना वारलेल्यांच्या श्वासनलिका त्यांनी क्रमाने तपासल्या. आधी अस्तर लाल, मग व्रण, मग उघडी पडलेली कूर्चा, मग तिचे तुकडे, आणि शेवटी कड्याच नाहीशा. हे सारं नेमकं फुग्याच्या पट्ट्यात. अस्तराच्या केशवाहिन्यांतला रक्तदाब पाऱ्याच्या साधारण २५ ते ३० मिलिमीटरचा. त्या काळच्या लहान, ताठ रबरी फुग्यांतला दाब शंभराच्या कितीतरी वर जात असे. रक्तच पोहोचलं नाही तर ऊती मरणार, यात डॉक्टरच्या कौशल्याचा प्रश्न येतोच कुठे? मग त्यांनी मोठ्या आकाराचा, पातळ, सैल फुगा करून पाहिला, जो भिंतीला न ताणता तिच्या आकाराप्रमाणे बसतो. प्राण्यांवरच्या प्रयोगात इजा जवळजवळ थांबली. पुढच्या दशकात असेच फुगे सगळीकडे आले. शंभर वर्षं नीतीचा म्हणून चघळला गेलेला प्रश्न पदार्थविज्ञानाने सोडवला, असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही.

दरम्यान ज्यांचे गळे बुजले होते त्यांचं काय? श्वासनलिकेतला दोन सेंटिमीटरहून मोठा तुकडा कापून टोकं पुन्हा जोडता येत नाहीत, अशी समजूत पन्नासच्या दशकात पक्की होती. ग्रिलो यांनी मृतदेहांवर मोजमाप करून दाखवलं की मान पुढे वाकवली की खालचा भाग छातीतून वर येतो आणि जवळजवळ निम्मी नलिका काढूनही टोकं फारशा ताणाशिवाय भेटतात. अट एकच: नलिकेच्या दोन्ही बाजूंना हात लावायचा नाही, कारण तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तिथूनच येतात. शस्त्रक्रिया संपली की हनुवटीची कातडी छातीच्या कातडीला जाड टाक्याने बांधून ठेवायची. रुग्णाने आठवडाभर खाली मान घालून बसायचं, कारण झोपेत एकदा डोकं मागे टाकलं तर सगळं उसवायचं. अशा नळीजन्य इजांच्या ५०३ रुग्णांचा वृत्तांत ग्रिलो आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिकांचा निकाल चांगला किंवा समाधानकारक होता. टोरांटोच्या ग्रिफिथ पिअर्सन यांनी १९७५ मध्ये याहून अवघड जागा सर केली. क्रिकॉइडचा पुढचा भाग काढायचा, पण मागची रुंद पाटी ठेवायची, म्हणजे तिच्यामागून वर जाणाऱ्या आवाजाच्या नसा वाचतात. जॅक्सन यांनी ज्या कडीला हात लावू नका म्हटलं, तिच्यातूनच आता दुरुस्तीची वाट निघाली.

यावर कुणी म्हणेल की तुम्ही फक्त रुग्णालयातल्या जखमा पाहता. गळा बाहेरूनही कापला जातो, चिरडला जातो. खरं आहे. पट्टा न लावता पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाचा गळा धडकेत डॅशबोर्डवर आपटतो आणि स्वरयंत्र मणक्यावर चिरडतं, याचं वर्णन अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्ये केलं. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात अडकलेली ओढणी आहे, आणि संक्रांतीच्या सुमारास नायलॉनचा मांजा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली तरी तो विकला जातो आणि दुचाकीस्वारांचे गळे कापतो. या जखमा भीषण असतात, पण त्या लपत नाहीत. रक्त, घोगरा आवाज, कातडीखाली बोटांना कुरकुरणारी हवा, यांवरून निदान तिथल्या तिथे होतं. आणि दुरुस्तीला लागणारी विद्या, म्हणजे छेद कुठे, टोकं कशी आणायची, नसा कशा राखायच्या, ही पुष्कळशी त्या लपलेल्या, नळीने केलेल्या जखमांवरच घासून धारदार झालेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. १९७६ मध्ये डेन्व्हरच्या ब्रँटिगन आणि ग्रो या शल्यविशारदांनी क्रिकॉइडच्या वरच्या पडद्यातून छेद घेतलेले ६५५ रुग्ण मांडले. छातीचं हाड उभं कापलेल्या रुग्णांत खालच्या छेदाचा संसर्ग त्या जखमेत उतरतो, म्हणून त्यांनी वरची जागा घेतली होती, आणि कायमचं आक्रसणं एकातही आढळलं नाही. मग जॅक्सन साफ चुकले होते का? तसं म्हणता येत नाही. त्याच जोडीने १९८२ मध्ये लिहिलं की आधी तोंडातून नळी घालून स्वरयंत्राला इजा झालेल्यांत वरच्या छेदाने आक्रसणं येऊ शकतं. सुजलेल्या, दुखावलेल्या गळ्यापुरतं जॅक्सन यांचं निरीक्षण टिकलं. सरसकट बंदी टिकली नाही. श्वास पूर्ण कोंडला आणि वरून नळी जात नसेल तर आज पहिला उपाय हाच पडदा उघडण्याचा आहे, कारण तो कातडीच्या अगदी जवळ आहे आणि त्याच्यापुढे थायरॉइड ग्रंथीचा मुख्य भागही आड येत नाही. पन्नास वर्षांच्या बंदीत ही वाट माहीत असूनही न वापरल्यामुळे काही माणसं गेली असतील, आणि तेही जॅक्सन यांच्या खात्यावर लिहावं लागेल.

मग हाताचा दोष कधीच नसतो का? असतो, आणि तो याच क्षेत्रात अलीकडे सर्वांत ठळक दिसला. तुकडा निम्म्याहून मोठा असेल तर काय, हा प्रश्न ग्रिलो यांनाही सुटला नव्हता. कृत्रिम श्वासनलिकेच्या सगळ्या प्रयत्नांची २००२ मध्ये कठोर छाननी करून त्यांनी दाखवलं होतं की बहुतेक रुग्णांना तिची गरजच पडत नाही. तरीही २०११-१२ मध्ये स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयात पाओलो माक्कियारिनी यांनी तीन रुग्णांमध्ये प्लास्टिकच्या नलिका बसवल्या. मूळपेशी लावल्या की ती जिवंत होते, असा दावा होता. नलिकेला रक्तपुरवठा बाजूने, बारीक वाहिन्यांतून होतो हे तेव्हाही ठाऊक होतं, आणि प्लास्टिकला तो कुठून मिळणार याचं उत्तर नव्हतं. तिघेही पुढे वारले. हा प्रकार नव्या उपचारातली अपरिहार्य जोखीम होता असा बचाव झाला, पण स्वीडनच्या अपील न्यायालयाने २०२३ मध्ये तो नाकारला आणि माक्कियारिनी यांना तिन्ही प्रकरणांत गंभीर शारीरिक इजेबद्दल दोषी धरून अडीच वर्षांच्या कैदेची शिक्षा दिली.